आमच्या अंदमानच्या यादीवर काट मारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. साडी घेणार नाही, मिठाई पाठवू देणार नाही. "जाऊन आलात ना, मग आता दुसऱ्या कुणाला तरी सांगा" एवढंच तुमचं म्हणणं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नाव घालू नको म्हणालात, तेही पाळते.

तुम्हाला आठवत असेल, मी तुम्हाला पहिल्यांदा पाठवला तो एका सहल कंपनीने करून दिलेला कार्यक्रम होता. रोज चार-पाच ठिकाणं, एका बेटावरून उठून दुसऱ्यावर, आणि शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉक बेटावरून बोट पकडून दुपारचं विमान. वाचायला फार भरगच्च वाटत होता. तुम्ही मात्र हॉटेल कुठलं, बजेट किती, यातलं काही विचारलं नाहीत. पहिला प्रश्न विचारलात तो "सोबत कोण कोण येतंय?" सासूबाई येताहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मुलगा सातवीत आणि मुलगी चौथीत, हे सांगितल्यावर तुम्ही एक सुस्कारा सोडलात. "वही घे," म्हणालात आणि एकेक ओळ खोडायला सुरुवात केलीत. त्या खोडण्यासाठीच हे आभार आहेत. अंदमानात काय पाहायचं ते सांगणारे शेकड्याने भेटतात. काय सोडून द्यायचं आणि का, हे जिवाभावाने सांगणारं माणूस मला तुमच्या रूपाने भेटलं.

आधी तारखा बदलल्यात. मे महिन्याच्या शेवटी जावं, तोवर विमानाचं तिकीट उतरेल, असा आमचा विचार होता. तुम्ही समजावलंत की आपल्याकडे जूनमध्ये येणारा पाऊस अंदमानात साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतो. तो आला की समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, पाणी गढूळ होतं. मग पोवळी बघायची तरी कशी? मुलांच्या परीक्षा संपल्या की लगेच, एप्रिलअखेरीस निघा, असं म्हणालात. आम्हाला समुद्र असा शांत मिळाला की बोट सुटली तरी सासूबाईंना कळलं नाही.

घड्याळाचं तुमचं म्हणणं तर सोन्यासारखं निघालं. अंदमान आपल्या पूर्वेला एवढं लांब आणि घड्याळ मात्र तेच, त्यामुळे एप्रिलच्या शेवटी पहाटे पाचलाच उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. मिरजेत त्या वेळी आम्ही दुपारच्या चहाची भांडी विसळत असतो. "सकाळी सहाला पाण्यात असा, दहाला सावलीत या, तीनपर्यंत खोलीबाहेर पडू नका" ही तुमची शिस्त आम्ही तंतोतंत पाळली. न्याहारी करून अकराला किनाऱ्यावर येणारी कुटुंबं बघितली की जीव कळवळायचा. पोरं उन्हाने लाल झालेली आणि आईबाप घामाने निथळताहेत. त्यांना कुणी ताई भेटली नव्हती.

बोटींबद्दलही सांगते, कारण हे पत्र वाचून कुणी बेत आखायला बसेल. बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवायचं नाही, हा तुमचा पहिला नियम. पोर्ट ब्लेअरहून आधी हॅवलॉक, तिथून नील, नीलहून परत पोर्ट ब्लेअर, असा त्रिकोण करायचा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला मुक्कामाला असायचं. (सरकारी कागदावर आता ही नावं श्री विजयपुरम, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी आहेत. धक्क्यावर आम्हाला दोन्ही ऐकू आली.) जाताना खासगी वेगवान बोट घ्या, दीडेक तासात पोचते, आजींना बरी पडेल, पण एक टप्पा तरी सरकारी बोटीने करा, असं तुम्ही मुद्दाम लिहायला लावलंत. खासगी बोटीत सगळं बंद आणि गारेगार, खिडकीतून दिसेल तेवढंच. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. तिथेच मुलांनी पाण्यातून उसळून पाखरासारखे सरकत जाणारे मासे पाहिले आणि दोघांच्या तोंडून शब्द फुटेना.

आता बाराटांग बेटाबद्दल. यावर मला सविस्तर लिहायचं आहे.

आमच्या यादीत तो दिवस सगळ्यात ठळक अक्षरात होता. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, खारफुटीतून होडीची सैर. आणि खाली बारीक अक्षरात, वाटेत जारवा आदिवासी दिसण्याची शक्यता. तुम्ही ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावलीत आणि मग गप्प बसलात. नंतर जे बोललात त्यात राग होता, पण तो आमच्यावर नव्हता. बाराटांगला जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवून, ठरलेल्या वेळीच, ताफ्याने सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही, असा कायदा आहे. आदिवासी जमातींच्या संरक्षणाचा मूळ नियम १९५६ सालचा. जारवांची संख्या काही शेकड्यांतच आहे. बाहेरच्यांशी त्यांचा संबंध वाढू लागला तो १९९७-९८ नंतर, आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. आपल्या पोरांना अंगणवाडीत टोचून येते ती लस, आणि त्यांच्या वस्तीत तोच आजार जिवावर उठणारा. तुम्ही म्हणालात, "बाई, माणसं बघायला तिकीट काढून जायचं नसतं. तुझ्या दारावरून रोज गाड्यांची रांग गेली आणि प्रत्येक काचेला एक नाक चिकटलेलं असलं तर?"

मी तो दिवस तिथल्या तिथे खोडला. यजमानांना रात्री सांगितलं तर तेही काही बोलले नाहीत, मान हलवली फक्त. मुलांना मात्र आम्ही का जात नाही ते नीट समजावून सांगितलं. सातवीतल्या मुलाने विचारलं, "मग त्या माणसांना कोणी विचारलं होतं का, रस्ता करू का म्हणून?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण हा प्रश्न त्याला पडला, तो तुमच्यामुळे. गुहा न पाहिल्याची खंत आमच्या घरात कुणालाही नाही.

त्या रिकाम्या झालेल्या दिवशी आम्ही पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरहून जॉली बॉयला गेलो. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं ते बेट. एकदा वापरून टाकायचं प्लॅस्टिक तिथे नेऊच देत नाहीत, सगळं धक्क्यावर तपासतात. अशी कडक तपासणी असली की पाणी कसं राहतं ते तिथे कळतं! काठावर उभं राहिलं तरी पायाशी मासे दिसतात. तुम्ही सांगितलंत तसं मुलांना पाण्यात सोडण्याआधी बजावलं होतं की पोवळ्यावर पाय ठेवायचा नाही, तो दगड नाही, जिवंत आहे. आणि एक शिंपलासुद्धा खिशात घालायचा नाही. मुलीने जमवलेले शंख तिने स्वतःच्या हाताने परत वाळूत ठेवले. विमानतळावर पुढच्या माणसाच्या बॅगेतून पोवळ्याचे तुकडे बाहेर काढताना पाहिलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

सेल्युलर जेलला सकाळी दार उघडताच जा आणि संध्याकाळी प्रकाश-ध्वनीच्या कार्यक्रमाला पुन्हा या, म्हणालात. दोन वेळा कशाला, असं वाटलं होतं. पण सकाळच्या त्या शांततेत सासूबाईंना जिना चढायला हवा तेवढा वेळ मिळाला. तिसऱ्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला सावरकरांची कोठडी. त्या उंबऱ्याशी बसल्या त्या उठेनात. लहानपणी वडिलांकडून त्यांनी ऐकलं होतं की बाबाराव आणि तात्याराव दोघे भाऊ एकाच तुरुंगात होते आणि कितीतरी काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाची रचनाच तशी आहे. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात शाखा, एकीची पुढची बाजू दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कोठडीतला माणूस दिसूच नये. आज त्यातल्या तीनच उरल्या आहेत. कोलूपाशी, म्हणजे तेलाच्या घाण्यापाशी, मुलाला उभं करून आजीने सांगितलं की बैलाऐवजी इथे माणसं जुंपत.

पण तुम्ही आणखी एक गोष्ट वहीत लिहायला लावली होतीत, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. "आपली माणसं सावरकरांची कोठडी बघून परत फिरतात. तुम्ही संगमरवरावरची नावं वाचा." आम्ही वाचली. बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत, पाटीवर पाटी. उल्लासकर दत्त, बारींद्र घोष, भाई परमानंद. १९३३ च्या उपोषणात गेलेले महावीर सिंग, मोहन किशोर नामदास, मोहित मैत्र. यातली बरीच नावं आमच्या घरात याआधी कुणी उच्चारलीही नव्हती. सासूबाईंनी प्रत्येक पाटीपुढे हात जोडले. संध्याकाळच्या कार्यक्रमात अंगणातला पिंपळ त्या साऱ्यांची कहाणी सांगू लागला, तेव्हा मुलांना नावं ओळखीची वाटत होती.

नील बेटाचं नियोजन तर तुम्ही पंचांगावर करून दिलंत! मला हे फार आवडलं. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच गाठता येतो, वाट शेवाळलेल्या खडकांची, तिथे आजींना न्यायचं नाही. आणि भरतपूरची काचेच्या तळाची होडी भरतीलाच चालते, ओहोटीला तिथलं पाणी घोट्याएवढं होतं. म्हणजे दोन्हींच्या वेळा उलट्या. सासूबाईंनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं, तुम्ही पलीकडून तिथी विचारलीत, पौर्णिमेच्या आसपास उधाण म्हणजे ओहोटीही मोठी, आणि रोजची वेळ साधारण पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, हे सांगितलंत. तुम्ही दोघी फोनवर तिथ्या मोजत बसला होतात, मी नुसती ऐकत होते. त्याप्रमाणे यजमान मुलांना घेऊन पुलाकडे गेले आणि सासूबाई भरती चढल्यावर होडीत बसल्या. आयुष्यात समुद्रात पाऊल न टाकलेली बाई, काचेखाली निळे-पिवळे मासे बघून एकेकाला "ये रे बाळा" म्हणत होती. होडीवाल्या बंगाली दादांनी त्यांच्यासाठी होडी आणखी जरा फिरवली, वर पैसे घेतले नाहीत.

हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्याबद्दल लोकांनी इतकं लिहिलंय की मी वेगळं काय लिहू. रुंद, स्वच्छ, मागे उंच झाडांची दाटी. तुम्ही सांगितलेली छोटी कामंही उपयोगी पडली. नीलवर रोख रक्कम जवळ ठेवा, वाळूतल्या बारीक माश्यांसाठी अंगाला खोबरेल तेल लावा, मगरींचा इशारा देणारा फलक असेल तिथे पाण्यात उतरू नका. रॉस बेटावर बॅटरीची गाडी मिळते हे तुम्ही सांगितलं नसतंत तर सासूबाई धक्क्यावरच बसून राहिल्या असत्या. त्या गाडीतून त्यांनी इंग्रजांच्या पडक्या इमारतींना वेढून बसलेली झाडांची मुळं पाहिली आणि हरणं अगदी जवळून पाहिली.

ताई, इतकी वर्षं तुम्ही तिथे शाळेत शिकवलंत, मुलं तिथे वाढवलीत, तिथल्या माणसांना आपलं मानलंत. म्हणूनच तुम्हाला त्या बेटांची काळजी आहे आणि आमचीही. ओळख म्हणाल तर माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या बहिणीची. तेवढ्या धाग्यावर तुम्ही संध्याकाळच्या संध्याकाळी फोनवर घालवल्यात, स्वयंपाक राहिला तरी कंटाळला नाहीत. याची परतफेड कशी करायची ते मला अजून सुचलेलं नाही.

तुम्ही म्हणालात तसं पुढे सांगायला सुरुवात मात्र केली आहे. शेजारच्या घरची मंडळी पुढच्या एप्रिलमध्ये निघाली आहेत. त्यांच्याही यादीत बाराटांग ठळक अक्षरात होतं. काल रात्री वही घेऊन त्यांच्याकडे बसले आणि आधी विचारलं, सोबत कोण कोण येतंय. त्यांचे वडील चाकाच्या खुर्चीत असतात. हॅवलॉकच्या धक्क्यावर खुर्ची बोटीतून उतरवायला माणसं मिळतात का, हे मला सांगता आलं नाही. रविवारी दुपारी तुम्हाला फोन करू का?

आपली कृतज्ञ,
मिरजेची धाकटी बहीण