सोपाऱ्याची ‘हिरवी पायवाट’

महोदय,

कालच्या पुरवणीतला सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यातल्या प्राचीन बंदराच्या, भटकंतीवरचा लेख वाचला. एरवी नालासोपारा म्हटलं की तुमच्या अंकात पाणीटंचाई नाहीतर अनधिकृत इमारती, तेव्हा लेखकाचं अभिनंदन करायलाच पेन उचललं होतं. पण ‘सोपारा बंदराचे अवशेष’ म्हणून जो फोटो छापलाय, तो वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज चर्चचा आहे. अशोकाचं सोपारा आणि पोर्तुगीजांची वसई यांत जेमतेम १८०० वर्षांचं अंतर. पुरवणीच्या छपाईत तेवढं इकडेतिकडे व्हायचंच!

आता ती ‘स्टेशनबाहेर पडताच सुरू होणारी हिरवी पायवाट’. पश्चिमेला उतरल्यावर सुरू होतात त्या शेअर रिक्षा. चक्रेश्वराच्या तळ्यापर्यंत हिरवं दिसलं तर ते भाजीच्या गाडीवर. केळीच्या वाड्या, चाफा, बावखलं (वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी) हे सगळं आहे, पण गाव सोडून वाघोली-निर्मळकडे वळल्यावर. आणि रविवारी सकाळी निघायचा सल्ला देणाऱ्याने पश्चिम रेल्वेचा दुरुस्तीसाठीचा जम्बो ब्लॉक कधी अनुभवला नसावा.

मी हे घरबसल्या लिहीत नाही. गेल्या जानेवारीत अशाच एका ‘वारसा फेरी’ला गेलो होतो, माणशी ९०० रुपये भरून. आयोजकांचं नाव घेत नाही. बुरूड राजाच्या कोटापाशी आमच्या मार्गदर्शकाने जाहीर केलं की इथे बुरूड नावाचा राजा होता आणि हा त्याचा किल्ला. समोर स्तूप! याच टेकाडात १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना दगडी पेटी मिळाली, एकात एक घातलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक, भोवती आठ छोट्या ब्राँझच्या मूर्ती. सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असं भगवानलालजींचं मत. मी हे सांगायला लागलो तर तो मुलगा म्हणाला, “काका, ग्रुप फोटो आधी घेऊ या का?” बारा मिनिटांत स्तूप संपला. घड्याळ लावून सांगतो.

निर्मळच्या तळ्याशी चहा झाला आणि तिथून भुईगाव. १९५६ साली याच भुईगावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो नेमका कुठे सापडला ते पाहावं, एवढ्यासाठीच मी ९०० रुपये भरले होते. विचारलं, तर उत्तर आलं, “काका, इथे फक्त बीच आहे.” आणि सगळे बीचवर. मी एकटा गावात शिरलो. एका वाडीतल्या मावशींनी “कोणाकडे आलात?” म्हणून विचारलं. आता काय सांगणार, अशोकाकडे? तरी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बावखलाकाठी बसवून पाणी दिलं आणि निघताना वेलची केळ्यांची फणी हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत. तो दगड कुठला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण ‘फक्त बीच आहे’ असं त्या म्हणाल्या नाहीत. परतलो तेव्हा बस सुटायच्या बेतात होती आणि उशीर केल्याबद्दल बोलणी मीच खाल्ली.

शिलालेखाचा तो तुकडा आज मुंबईत काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे आणि ते करंडक एशियाटिक सोसायटीकडे. म्हणजे सोपारा पाहायचं तर फोर्टातून निघून विरार लोकल धरायची. तुमच्या लेखात या दोन्ही वास्तूंचा उल्लेख नाही. ‘ऑथेंटिक सीफूड थाळी’ मात्र दोनदा आहे.

खाडी गाळाने भरली आणि बंदर संपलं, हे एका ओळीत उरकलंत, तक्रार नाही. पण उरलेली बावखलंही आता डेब्रिज टाकून बुजवली जात आहेत, त्यावर ओळभर लिहायला हवं होतं. मावशींच्या शेजारचं तेव्हाच अर्धं बुजलं होतं. त्या कडेला दोन डंपर उभे होते. त्यांचा फोटो माझ्याकडे आहे. हवा असल्यास पाठवतो, निदान तो वसईच्या किल्ल्याचा नसेल.

आपला एक जुना वाचक,
गोरेगाव (पूर्व)

ता. क. : त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात आडवा १४ ला चार चौकटी आहेत आणि उत्तर तीन अक्षरी. सलग दुसरा रविवार.