लाल सलाईन आणि थॉरचा हातोडा

कल्याण, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, त्या थॉरच्या कॉमिकमध्ये कॅन्सरच्या केमोचं जे दाखवलंय ते खरं असतं का गं?" मी "सांगते" म्हटलं आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली. तसंही मी लांबण लावली की तुझं "हं... हं..." सुरू होतं आणि मागे कीबोर्ड वाजत असतो, म्हणून पत्रच लिहिते. दिवाळीत तू इथे विसरलेला (की मुद्दाम ठेवलेला?) पुस्तकांचा गठ्ठा वाचून संपला. अर्धा लोकलमध्ये वाचला. समोरच्या बाईने दोनदा वाकून पाहिलं. पन्नाशीची बाई कॉमिक वाचतेय म्हणजे हिच्या घरी सगळं ठीक आहे ना, असा तिचा चेहरा.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जादू सोडली तर बरंचसं खरं आहे, आणि गंमत म्हणजे जादूसुद्धा बरीचशी खरी आहे.

थॉर हा मार्व्हल कॉमिक्सचा विजेचा देव, आणि त्याच्या गोष्टीतल्या जेन फॉस्टरला स्तनाचा कॅन्सर. हातोडा उचलला की तिची थॉर होते, दंड भरून येतात, डोक्यावर केस येतात. पण तो बदल होताना अंगातलं सगळं विष बाहेर फेकलं जातं आणि हातोड्याच्या लेखी केमो हे विषच. कॅन्सर मात्र जागचा हलत नाही, कारण तो बाहेरून आलेला नाही, तिच्याच पेशी आहेत त्या. म्हणजे दर वेळी जग वाचवून ती परत येते तेव्हा औषध गेलेलं आणि गाठ तशीच. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून दोन स्टेशनं नुसती बाहेर बघत बसले. जेसन एरन या लेखकाला हे कसं सुचलं कोण जाणे, पण आमच्या कॅन्सर वॉर्डात नव्या नर्स मुलींना पहिल्या आठवड्यात जे समजवावं लागतं ते त्याने एका हातोड्यात बसवलंय.

कारण हातोडा खोटं बोलत नाही रे. केमो विषच आहे. या औषधांची सुरुवात पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसपासून होते. त्याच घराण्यातलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात पहिल्यांदा कॅन्सरच्या रुग्णाला दिलं गेलं. स्तनाच्या कॅन्सरला आम्ही देतो ते डॉक्सोरुबिसिन, बायका त्याला 'लाल सलाईन' म्हणतात. सरबतासारखा रंग. ते शिरेत जाताना मी तिथून हलत नाही, कारण शिरेबाहेर गळलं तर आजूबाजूचं मांस सडतं. घरी जाऊन लघवी लाल झाली की नवी पेशंट घाबरून फोन करते. तिला आधीच सांगितलेलं असतं, पण त्या दिवशी सांगितलेलं कुणाच्या डोक्यात शिरतं?

आणि दोन डोसांमध्ये साधारण २१ दिवस ठेवतो, ते उगाच नाही. दहा-बारा दिवसांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात, मग हळूहळू वर येतात. चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळावा, पण कॅन्सरला मात्र मिळू नये, असं ते मोजलेलं अंतर आहे. जेन मध्येच उठून राक्षसांशी लढायला जाते तेव्हा तो सगळा हिशोब मोडतो. तुला तिथे लढाई दिसली असेल. मला केमोची सायकल, म्हणजे डोसाची पाळी, चुकलेली दिसली.

आता तुझ्या रूममेटशी झालेलं भांडण. त्याचं म्हणणं तू सांगितलंस की थॉर हे नाव आहे, हुद्दा नाही. बाईला हिरो करायचंय तर नवीन काढा, दुसऱ्याचं नाव कशाला? मला तो मुलगा अगदीच चूक वाटत नाही. नाव आणि गादी यात फरक असतो. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ होता, इंग्रजीतला फँटम. ती गादी होती, बाप गेला की मुलगा मुखवटा चढवायचा आणि जंगलाला वाटायचं वेताळ मरतच नाही. त्या घराण्यातही एकदा भाऊ जखमी झाल्यावर बहिणीने, ज्यूलीने, तो पोशाख घातल्याची गोष्ट आहे. तिथे कुणाची हरकत नसायची, कारण मुखवट्यामागे कोण हा प्रश्नच नव्हता. थॉरचं तसं नाही.

पण कॉमिकवाल्यांनी ही हरकत टाळलेली नाही, हे मला आवडलं. २०१४ साली जुना थॉर चंद्रावर हातोड्यापाशी गुडघे टेकून बसतो, त्याला तो उचलत नाही. मग कुणी एक बाई येते, उचलते, आणि हातोड्यावरचा 'जो लायक असेल तो थॉरची शक्ती मिळवेल' हा मजकूर बदलतो. इंग्रजीत 'ही'च्या आधी एक 'एस' आला की काम भागलं. मराठीत 'जो' आणि 'तो' दोन्ही पुसून लिहावे लागले असते, आपल्याकडे हातोडाही जरा दमला असता. पुढे जुना थॉर तिच्याशी भांडतो, हातोडा हिसकावायला जातो, आणि लढता लढता त्याला दिसतं की हिच्या हातात तो जसा फिरतो तसा माझ्या हातात कधी फिरला नव्हता. तेव्हा तो स्वतःहून नाव देऊन टाकतो आणि उरतो नुसता ओडिनसन, ओडिनचा मुलगा. हिसकावून घेतलेलं नाव नव्हे ते, दिलेलं आहे. तुझ्या रूममेटला एवढं पान वाचायला दे. नंतर तो कोण ही बाई म्हणून यादी करत बसतो, आणि जेनवर त्याचा संशय जात नाही, कारण ती बिचारी आजारी! आमच्या पेशंटांचे नवरे आठवले.

मूळ दंतकथेचा अपमान झाला असं कुणी म्हणालं, तर ती दंतकथाच काढून बघायची. तुझ्याकडून लिंक मागवली होती ना, त्यावरून वाचत गेले. आइसलंडच्या जुन्या काव्यात थ्रिम नावाचा राक्षस हातोडा चोरतो आणि बदल्यात फ्रेया देवी बायको म्हणून मागतो. तेव्हा थॉर स्वतः नवरीचा वेश करून, तोंडावर पदर ओढून लग्नाला जातो. जेवायला बसल्यावर नवरी एक अख्खा बैल, आठ मासे आणि तीन पिंपं दारू संपवते! शेवटी नवरीच्या मांडीवर हातोडा ठेवतात आणि मग काय होतं ते कीचकाला विचार, त्यालाही अंधारात द्रौपदीच्या जागी भीम भेटला होता.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. एका राजाच्या दरबारात थॉरची गंमत करायची म्हणून त्याला एका म्हातारीशी कुस्ती खेळायला लावतात. ती राजाची दाई. जितका तो जोर लावतो तितकी ती घट्ट उभी राहते, आणि शेवटी थॉरचा एक गुडघा टेकतो. नंतर कळतं, ती म्हातारी म्हणजे खुद्द म्हातारपण. त्या जुन्या भाषेत दाईला, वाढवणारीला, शब्द आहे 'फोस्त्रा'. फॉस्टर! योगायोगच असणार, पण सिस्टर म्हणून पंचवीस वर्षं झालेल्या बाईला असला योगायोग मोठा गोड लागतो.

कारण जेन मुळात नर्स होती, हे तुला माहीत आहे का? १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या काळात थॉर सुरू झाला, आणि दुसऱ्याच अंकात जेन आली ती लंगड्या डॉक्टर ब्लेकची नर्स म्हणून. डॉक्टर काठी आपटायचा, काठीचा हातोडा आणि त्याचा थॉर व्हायचा. ती बिचारी पट्ट्या बांधत, उसासे टाकत, राक्षसांच्या तावडीत सापडत बसायची. १९६७ मध्ये ओडिन तिला थोडा वेळ देवी करतो, परीक्षा घेतो आणि एका भयानक प्राण्यासमोर ती घाबरली म्हणून नापास करून पृथ्वीवर परत पाठवतो. आठवणसुद्धा पुसून टाकतो! थॉरला लगेच सीफ नावाची देवी भेटते. प्रोबेशनवरच्या मुलीला पहिल्याच रात्री एकटीला आयसीयूत टाकायचं आणि रडली म्हणून घरी पाठवायचं, त्यातला प्रकार. १९७८ साली 'जेनला हातोडा सापडला असता तर' अशी एक कल्पना म्हणून गोष्ट काढली, पण तीही शेवटी हातोडा पुरुषाच्या हातात देऊन मोकळी झाली. मध्ये ती शिकून डॉक्टर झाली. म्हणजे नापास झालेल्या त्या नर्सला हातोडा मिळायला बावन्न वर्षं लागली. तुम्ही मुलं म्हणता, अचानक बाई कुठून आणली. अचानक कुठे रे?

लायक, लायक असं तुम्ही म्हणता त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, वसा. तुझी आजी श्रावणात कहाण्या वाचायची, तू तिच्या मांडीवर झोपायचास. त्यातली बाई दुसरीला विचारते, कसला वसा वसता तो मला सांगा. ती म्हणते, तुला सांगितला तर उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील. पहिली म्हणते, उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही. हातोड्यावरचा मजकूर याहून वेगळं काय सांगतो? उतला-मातला तो थॉर खाली पडला. जेन उतली नाही, मातली नाही.

पण तिसरा भाग? घेतला वसा टाकू नको? इथे माझं आणि त्या पुस्तकाचं पटत नाही.

शेवटाकडे सगळे तिला बजावतात की आता पुन्हा हातोडा उचललास तर मरशील. ती कबूल करते, उपचाराला बसते. मग मॅनगॉग हा राक्षस येतो, देवांचं घर जळायला लागतं, आणि ती सलाईन सोडून हातोड्याकडे जाते. तुम्ही मुलांनी तिथे टाळ्या वाजवल्या असतील. मला तिचा हात धरून खाली बसवावंसं वाटलं.

गेल्या जूनमध्ये आमच्याकडे एक बाई होती, भातशेतीवाली. तिसरी सायकल झाली, चौथीला आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "सिस्टर, लावणी आहे, माणसं मिळत नाहीत, दीड महिन्याने येते." दुसरी मुलीच्या लग्नासाठी थांबली, कारण टकलं डोकं व्याह्यांना दिसायला नको. तिसरी नवऱ्याची सुट्टी संपली म्हणून. प्रत्येकीच्या घरी मॅनगॉग आलेला असतो आणि प्रत्येक वेळी उचलणारी तीच. घरचे अभिमानाने सांगतात, आमची आई ना, एक दिवस झोपून राहिली नाही. मी फाइल बघत असते, शेवटच्या डोसाची तारीख बघत असते आणि काही बोलत नाही.

लावणीवाली आली, दीड नाही, सव्वादोन महिन्यांनी. हातांना अजून चिखलाच्या भेगा होत्या, शीर मिळेना. पुढचं तुला लिहीत नाही.

आणि बाकीच्यांचं कशाला सांगू. तुझ्या दहावीच्या वर्षी माझं पोट दुखायचं, मी 'ॲसिडिटी' म्हणायचे, आठवतंय? पित्ताशयात खडे होते. सोनोग्राफी सप्टेंबरमध्येच झाली होती. ऑपरेशन कर म्हणून मला सांगितलं होतं, मी म्हटलं मार्चमध्ये परीक्षा होऊ दे. फेब्रुवारीत रात्री दोनला रिक्षाने हॉस्पिटलात गेले, तोपर्यंत आत सूज येऊन पू धरला होता. बाबांनासुद्धा आधीचा रिपोर्ट माहीत नव्हता. स्वतः सिस्टर असून! डॉक्टर मला जे बोलले ते मी पेशंटलाही कधी बोलत नाही. तुला एवढंच कळलं की आई चार दिवस मावशीकडे गेली.

हे आत्ता सांगते, कारण मातृदिनाला तू माझा युनिफॉर्ममधला फोटो लावून स्टेटस टाकलंस, 'आमच्या घरची थॉर, कधीच थांबत नाही.' स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं मी, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या ओळीवर नजर गेली की पोटात उजव्या बाजूला उगाच काहीतरी होतं. पहिली ओळ ठेव. दुसरी काढ.

पुस्तकातलं माझं पान सांगू? हातोडा सूर्यात गेलेला असतो, जेन मरून परत आलेली असते. ओडिनसनला ती सांगते, आता तूच थॉर हो. आणि स्वतः पुन्हा उपचाराला जाते. वीज नाही, टोपी नाही. रसेल डॉटरमनची बाकीची चित्रं डोळे दिपवणारी आहेत, विजेच्या रेघा अगदी पानाबाहेर पडतात, पण मला ती साधी जेनच बघावीशी वाटते. आमच्याकडे शेवटची सायकल झाली की बाई खाली उतरते, गेटवर चहा पिते आणि घरी गेल्यावर सांगते की आज जमलं नाही स्वयंपाकाचं, बाहेरून आणा. ते कुणी काढत नाही.

डबा आणतोस की अजून वडापाववर चाललंय? जानेवारीत येशील तेव्हा जेन वाल्किरी होते ती पुढची पुस्तकं मिळाली तर घेऊन ये, तिचं पुढे काय झालं ते मला बघायचंय. रूममेटलाही आण, त्याच्याशी वाद घालायला मला आवडेल.

तुझी,
आई

ता.क. दुसऱ्या पुस्तकाच्या मधल्या पानावर लाल डाग पडलाय. ते आमसुलाचं सार आहे.