'च'वर अडकणाऱ्याकडून थँक्यू
सोमवारी भुसावळ स्टेशनच्या तिकीट खिडकीवर 'चाळीसगाव' म्हणायचं होतं, पण मी तोतरा बोलतो, च च करत अडकलो, मागे रांग, तरी आतल्या ताईंनी माझा शब्द स्वतः पूर्ण न करता शांतपणे वाट बघितली आणि मागचे टोपीवाले बाबा म्हणे, 'सांग भाऊ, घाई नई शे'. दोघांची नावं माहीत नाहीत, मनापासून आभार! लहानपणी बोलणं सुटावं म्हणून वेखंड चाटवलं (कडूजहर), 'घाबरतो म्हणून अडकतो' हे तर रोजचंच. २०१० मध्ये तोतरेपणाशी संबंधित जनुकं (genes) सापडलीत हे स्पीच थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं तेव्हा आई रडलीच. आता पहिलं अक्षर हलकं उचलायची प्रॅक्टिस चालूय, अडकतो अजून, पण तिकीट चाळीसगावचंच काढलं, आधी 'म' सोपा म्हणून त्याच्याही पुढच्या मनमाडचं काढायचो, जास्तीचे पैसे देऊन!