नंदे, आप्पांना तू काय सांगितलं होतंस?

सुवन, दक्षिण कोरिया, नोव्हेंबर

प्रिय नंदे,

तब्येत बरी आहे, सर्दी येऊन गेली, सचिन मजेत. हे फोनवर बोलले असते, पण तू मध्येच तोडतेस आणि मला सलग सांगायचंय. आप्पांच्या पाचटाचं, म्हणजे उसाचा वाळला पाला जाळण्याचं, प्रकरण जिने निस्तरलं, तिलाच हे कळेल.

दोरी वळणारे आजोबा आठवतात ना? फोटो बघून तू म्हणाली होतीस, "हे तर आपले तुकाबापू!" इथे ७-८ नोव्हेंबरला इप्तोंग येतो, त्यांच्या पंचांगातली हिवाळ्याची सुरुवात. बायका किमचीच्या गडबडीत आणि आजोबा झाडं बांधायच्या. भाताचा पेंढा खोडाभोवती उभा लावतात आणि पेंढ्याच्याच दोरीने बुंध्यापासून वरपर्यंत आवळत नेतात. परवा शेजारी बसून बघत होते. काड्यांवर पाणी मारून त्या मऊ करायच्या, दोन बटा तळव्यांत धरून घासायच्या, पीळ बसेल तशी दोरी मागे सरकत जाते. बट बारीक झाली की नवी काडी अशी सारतात की जोड शोधून सापडत नाही. लहानपणी त्यांचं घर पेंढ्याने शाकारलेलं होतं, दर सुगीला नवा पेंढा चढायचा. १९७० च्या दशकात सरकारी ग्रामसुधारणेत ती छपरं गेली आणि पत्रे आले. दोरी मात्र त्यांच्या हातात राहिली.

आता शनिवारी सोसायटीची सभा आहे आणि प्रस्ताव आहे, यंदापासून पेंढा बंद. लांब पेंढा मिळत नाही हे एक कारण. मळणी झाली की त्याचे मोठाले गोळे करून पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात, गुरांच्या वैरणीसाठी. दुसरं कारण शास्त्राचं, आणि ते मी बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा, कारण मी कीटकशास्त्रवाली.

नीट ऐक, घोळ इथेच आहे. आजोबा दोन प्रकारे बांधतात. पाईनच्या खोडाला छातीएवढ्या उंचीवर नुसता पट्टा. पाईनची पानं खाणारे सुरवंट थंडी पडली की खाली उतरतात, सालीच्या भेगांत, पाचोळ्यात दडतात. पट्टा दिसला की त्यात शिरतात. मार्चच्या सुरुवातीला ग्योंगछिप आला, म्हणजे किडामुंगी जागी व्हायची वेळ, की त्याआधी पट्टा काढून जाळायचा. ऐकायला किती शहाणपणाचं! पण उघडून मोजलं की आत निघतात बहुतेक कोळी आणि किडी खाणारे ढेकूण. जपानातही हीच चाल आहे. तिथे हिमेजी किल्ल्यातल्या पट्ट्यांची काही वर्षं मोजणी झाली, उपकारक ५५ टक्के, उपद्रवी फक्त ४ टक्के. २०१५ पासून त्यांनी पट्टे बांधणंच सोडलं. शिवाय इथे पाईनला आज खरा धोका सूत्रकृमीचा, म्हणजे धाग्यासारख्या बारीक जंताचा आहे, १९८८ साली बुसानमध्ये पहिल्यांदा सापडला तो. त्याला झाडोझाडी नेणाऱ्या भुंगेऱ्याची अळी लाकडाच्या आत हिवाळा काढते. पट्ट्याचा तिथे काय उपयोग?

म्हणजे आपण दरवर्षी आपलेच राखणदार जाळतोय. कोळी म्हटलं की मला हॉस्टेलची खोली आठवते. तू माझा खिडकीतला कोळी झाडूने चिरडलास आणि मी किती दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. ते भांडण अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेव.

दुसरा प्रकार मात्र निराळा. गेटजवळच्या बेरोंगला आजोबा नखशिखांत पेंढा घालतात. आपल्या ताम्हणाच्याच कुळातलं झाड, उन्हाळाभर गुलाबी. साल कागदासारखी पातळ, गुळगुळीत. खोडाला गुदगुल्या केल्या की शेंडा हलतो म्हणतात. मी करून बघितल्या, शेंडा हलला, पण वाराही होता. हे मुळात उबेतलं झाड. बुसानच्या यांगजोंगमधलं ८०० वर्षांचं मानतात, पण ते दक्षिणेला. सुवनला पारा उणे दहाच्या खाली जातो. दुपारच्या उन्हाने साल तापते, रात्री गोठते आणि उभी चिरते. पेंढ्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे तापमान असं झटक्यात वरखाली होत नाही. हा पेंढा हवाच, आणि एप्रिलच्या तोंडावर काढायलाही हवा, नाहीतर आत ओल धरते. आजोबांना हे मी सांगायची गरज नाही, ते मला शिकवतील.

पण सभेला हा फरक कुठे दिसतो? त्यांच्या लेखी सगळा पेंढा एकच, तोही बंद आणि हाही बंद. सुक्याबरोबर ओलंही जळणार. मी पट्ट्यांविरुद्ध बोलले की हात वर होतील आणि बेरोंगही उघडा पडेल. गप्प बसले तर कोळी जळतील. मी दोन्ही स्पष्ट मांडणार आहे, तिथे डगमगणार नाही. मला घोर आहे तो सभेच्या आधीचा. आजोबांना हे भरसभेत ऐकावं लागू नये. शुक्रवारी त्यांच्याकडे जाऊन, समोर बसून सांगायचं की तुम्ही इतकी वर्षं निगुतीने केलं त्यातलं अर्धं थांबवा. माझं कोरियन बाजारहाटापुरतं ठीक, या कामाला पुरेल का? आणि वयाने केवढे मोठे, इथे तर बोलण्यात वयाचा मान आपल्यापेक्षाही कडक. एक विचार आहे, मार्चमध्ये पट्टा जाळण्याआधी पांढऱ्या कापडावर झटकायचा, कोळी त्यांनीच बघायचे. पण मार्च लांब आहे आणि सभा शनिवारी.

तुझ्याकडे आप्पा होते. खोडवा राखताना पाचट पेटवल्याशिवाय ज्यांना चैन पडायचं नाही, त्यांनी एके वर्षी काडी खिशातच ठेवली. सगळे म्हणाले, नंदीने डिग्री दाखवली. मला ते कधीच पटलं नाही, आप्पा डिग्रीला दबणारे नव्हेत. बांधावर तुम्ही दोघंच होतात. नेमकं काय बोललीस? आधी काय, नंतर काय, ते रागावले का, सगळं लिही.

ओवीची दहावी ना यंदा? तिच्या मागे लागू नकोस. ऊसतोड सुरू झाली का? बाळूदादाच्या गुडघ्याचं कळव. काकींना नमस्कार, आणि त्यांची मेतकुटाची रीत पाठव, माझं जमून येत नाहीये.

शुक्रवारच्या आत उत्तर हवं. लांबलचक लिहायचा कंटाळा आला तर व्हॉइस मेसेज टाक, पण आप्पांचं सगळं सांग.

तुझी,
वैशू