घर आत्ताच तुझ्या नावावर का करत नाही

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास, मित्राच्या आईवडिलांनी घर त्याच्या नावावर केलं, तुम्हीही करून टाका, उद्या कायदा बदलला तर? फोनवर तुझ्या आईने विषय बदलला, म्हणून लिहितो.

कायदा बदलण्याची भीती आम्ही आधीही पाहिली आहे. 2012 च्या अखेरीस फेडरल इस्टेट टॅक्सची (माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा अमेरिकेचा कर) सूट, म्हणजे कर न लागणारी रक्कम, 51 लाख डॉलरवरून 10 लाखांवर येणार, म्हणून लोकांनी घाईघाईने दानपत्रं केली. ती खाली आलीच नाही. 2025 अखेर निम्मी होणार म्हणाले, तर जुलै 2025 च्या कायद्याने ती 2026 पासून माणशी दीड कोटी झाली. आता म्हणतात कायम. कायम म्हणजे मुदत लिहिलेली नाही, एवढंच. अमेरिकेची पुढची संसद हवं तर बदलेल. पण निम्मी झाली तरी आपण तिच्या जवळपासही नाही.

आपला प्रश्न आपल्या राज्याच्या, मॅसॅच्युसेट्सच्या, वेगळ्या इस्टेट टॅक्सचा आहे. इथली सूट 20 लाख, आणि ती महागाईबरोबर वाढत नाही. घर मात्र वाढतं. घर, रिटायरमेंटची खाती आणि माझा विमा (हो, पॉलिसी माझ्या मालकीची असली की तीही धरतात) मिळून साधारण 26 लाख होतात. दोघांच्या पश्चात सगळं एकाच इस्टेटीत आलं तर राज्याचा कर अंदाजे 47 हजार.

आता घराचं बघ. घेतलं तेव्हा 3 लाखांचं, आज 13 लाखांचं. आत्ता तुला दिलं, तर आमची खरेदी किंमत तुझी होते. तू विकलंस की 10 लाखांच्या नफ्यावर फेडरल आणि राज्याचा मिळून दोन लाखांहून कमी कर नाही. वारशाने आलं तर त्या दिवसाचा बाजारभाव हीच तुझी किंमत. 47 हजार वाचवायला दोन लाख घालवायचे? शिवाय आम्ही त्यातच फुकट राहिलो तर ते पुन्हा आमच्याच इस्टेटीत धरतील. म्हणजे आम्ही तुला बाजारभावाने भाडं द्यायचं. हे आईला तूच सांग.

खरा उपाय मृत्युपत्रात आहे. फेडरल कायद्यात आधी गेलेल्याची उरलेली सूट इस्टेट टॅक्सचा रिटर्न भरून जोडीदाराला मिळते. या राज्यात मिळत नाही. सगळं एकमेकांच्या नावावर ठेवलं की आधी जाणाऱ्याची सूट वायाच जाते. म्हणून मृत्युपत्रं बदलून आधी जाणाऱ्याचा वाटा ट्रस्टमध्ये जाईल असं करतोय. राहिलेला आयुष्यभर त्यावर जगेल, पण तो त्याच्या इस्टेटीत मोजला जाणार नाही. त्यासाठी काही खाती संयुक्त नावावरून काढावी लागतील. आई कुरकुरतेय, पण सही करेल.

द्यायचं ते थोडं थोडं देऊच. वर्षाला माणशी 19 हजारांपर्यंत फॉर्मसुद्धा भरावा लागत नाही, आणि तुला, सूनबाईला, छकुलीला असं वेगवेगळं देता येतं. छकुलीची फी थेट शाळेला भरली तर ती या मोजणीत येतच नाही.

पुण्याच्या फ्लॅटसाठी तिथलं वेगळं मृत्युपत्र करतोय. भारतात 1985 पासून इस्टेट ड्यूटी नाही, पण नाव लावायला कागद लागतोच. इथल्या मृत्युपत्रातल्या त्या ट्रस्टचा ट्रस्टी (सांभाळणारा) म्हणून तुझं नाव घालायचं आहे. वकिलाकडे जाण्याआधी सूनबाईशी बोलून हो की नाही ते कळव.

तुझा,
बाबा