‘व्हीगन’ लिपस्टिक घेताना डबीची मागची बाजू वाचा

संपादक महोदय,

लग्नसराई आली की ‘व्हीगन’ आणि ‘क्रुएल्टी-फ्री’ अशी लेबले लावलेल्या प्रसाधनांची दुकानांत रेलचेल होते. ग्राहक दोन्ही एकच समजून घेतात आणि तिथेच फसतात. क्रुएल्टी-फ्री म्हणजे प्राण्यांवर चाचणी न केलेले, तर व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारा एकही घटक नसलेले. मधमाशांचे मेण घातलेला लिप बाम पहिल्या कसोटीला उतरतो, दुसरीला नाही.

चाचणीचा प्रश्न आपल्या कायद्याने बराचसा निकालात काढला आहे. २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचणीवर बंदी आली आणि त्याच वर्षी असा चाचणी केलेला माल आयात करायलाही मनाई झाली. म्हणजे इथल्या वस्तूवर ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ असे छापले असेल, तर कंपनीने कायदा पाळला एवढेच कळते. त्यासाठी जास्त पैसे मोजायचे कारण नाही. कंपनी इतर देशांत काय करते आणि तिला कच्चा माल पुरवणारे काय करतात, हे मात्र पाहायला हवे. उडी मारणाऱ्या सशाच्या ‘लीपिंग बनी’ या प्रमाणचिन्हासाठी पुरवठादारांपर्यंत चौकशी होते आणि कंपनीला ऑडिट मान्य करावे लागते. ‘पेटा’ या प्राणिहक्क संघटनेच्या क्रुएल्टी-फ्री कंपन्यांच्या यादीचा भर कंपनीने दिलेल्या लेखी हमीवर असतो. ‘व्हीगन सोसायटी’ या संस्थेचे सूर्यफुलाचे चिन्ह घटकांविषयी खात्री देते. यांपैकी कुणाचेही नाव नसलेला नुसता सशाचा छाप कंपनी स्वतःच काढू शकते. हिरव्या ठिपक्यावरूनही व्हीगनचा निष्कर्ष काढू नये, कारण शाकाहारी म्हणवणाऱ्या वस्तूत दूध, मध, मेण असू शकते.

खरी माहिती मिळते ती बारीक अक्षरांतल्या घटकांच्या यादीत. लाल, गुलाबी, जांभळट छटेची लिपस्टिक किंवा ब्लश असेल तर आधी ‘सीआय ७५४७०’ शोधावे (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगांचे क्रमांक). हे कार्माइन. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल किड्यांच्या माद्या वाळवून, कुटून हा रंग काढतात. त्याचे सर्वाधिक उत्पादन पेरूमध्ये होते. एक किलो वाळलेल्या मालासाठी लाखाहून अधिक किडे लागतात. उष्णतेत आणि उजेडात टिकणारा असल्याने उत्पादकांना तो सोडवत नाही. ‘सीआय १५८५०’ हा कृत्रिम लाल रंग किंवा ‘सीआय ७७४९१’ हे लोहाचे ऑक्साइड दिसले, तर रंगापुरती चिंता नाही. बिटाचा रंग मात्र कार्माइनची जागा घेऊ शकत नाही. तो पाण्यात विरघळतो, तेला-मेणात नाही, आणि लवकर फिकटतो.

एक खाचखळगा इथे आहे. अनेक कंपन्या सगळ्या शेड्ससाठी एकच यादी छापतात आणि शेवटी अधिक-वजा खूण करून संभाव्य रंगांची नावे देतात. त्यात ७५४७० असेल तर तुमच्या शेडमध्ये ते आहे की नाही, हे डबीवरून कळत नाही. शेडचा क्रमांक देऊन कंपनीला ई-मेलने विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे.

बाकीची नावे पटकन सांगता येतील. ‘सेरा अल्बा’ म्हणजे मधमाशांचे मेण, ‘लॅनोलिन’ मेंढीच्या लोकरीतली चरबी, ‘शेलॅक’ लाखेच्या किड्यांपासून मिळणारी राळ, ‘सीआय ७५१७०’ म्हणजे माशांच्या खवल्यांतून मिळणारी मोतिया चमक. ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड आणि स्क्वालेन यांचे मूळ नावावरून कळत नाही. पहिली दोन पामतेलातूनही येतात आणि जनावरांच्या चरबीतूनही. स्क्वालेन ऑलिव्ह किंवा उसापासून बनते, तसेच शार्कच्या यकृतातूनही. ‘पारंपरिक’, ‘हर्बल’ या शब्दांवर तर मुळीच विसंबू नये. आपल्याकडे कुंकवाखाली मेण लावत, अळता लाखेचा असे आणि घरच्या काजळात साजूक तूप.

व्हीगन लिपस्टिक कोरडी वाटते किंवा मोडते, अशी तक्रार असते. कारण सोपे आहे. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंशांना वितळते आणि लवचीक असते. त्याजागी येणाऱ्या वनस्पतिजन्य मेणांपैकी कॅन्डेलिला सुमारे ७० अंशांना आणि कार्नोबा ८० अंशांच्या पुढे वितळते, दोन्ही कडक. तेवढ्याच वजनाने घातली की कांडी ठिसूळ होते. घरी लिप बाम करताना ही मेणे मधमाशांच्या मेणाच्या निम्म्या वजनाने घालून सुरुवात करावी आणि थेंबभर थंड बशीवर टाकून घट्टपणा तपासावा. तयार माल घेताना टेस्टर हातावर ओढून पाहावा. अडखळत उतरला तर ओठांवरही तसाच उतरेल.

ब्रश आणि खोट्या पापण्या विसरू नयेत. खारीच्या किंवा बकरीच्या केसांचा ब्रश आणि मिंक या प्राण्याच्या केसांच्या पापण्या वापरून व्हीगन मेकअप होत नाही. नायलॉन किंवा टॅक्लॉन या कृत्रिम धाग्यांचे ब्रश सहज मिळतात, धुवायलाही सोपे. चमकीतला अभ्रक, म्हणजे ‘सीआय ७७०१९’, खनिज असल्याने व्हीगन ठरतो खरा, पण झारखंडमधल्या अभ्रकाच्या खाणींत मुले राबताना आढळली आहेत. ज्यांना प्राण्यांची कणव आहे त्यांनी हा प्रश्नही कंपनीला विचारलाच पाहिजे.

पुण्यात मुख्यालय असलेली ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही प्राणिहक्क संस्था १९७० च्या दशकापासून या विषयावर काम करते आहे, तरीही लेबलवर स्रोत लिहिण्याची सक्ती नाही. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत एवढी दुरुस्ती व्हावी: ज्या घटकाचे मूळ दोन्हीकडचे असू शकते, त्याच्यापुढे ‘वनस्पतिजन्य’, ‘प्राणिजन्य’ किंवा ‘कृत्रिम’ यांपैकी एक शब्द छापणे बंधनकारक करावे, आणि रंगांची यादी प्रत्येक शेडसाठी वेगळी द्यावी.

– एक वाचक, पुणे