फुटलेली रेकॉर्डसुद्धा टाकू नका

सप्रेम नमस्कार.

घर आवरताना माळ्यावरून काळ्या, जड, लाखेच्या रेकॉर्डी खाली आल्या, तर भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला कळवावे, यासाठी हे आवाहन.

आमच्या वाचनालयाने हिंदी चित्रपटातल्या सुरुवातीच्या पार्श्वगायिकांच्या रेकॉर्डी जमवायला घेतल्या आहेत. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स या चित्रपटसंस्थेच्या ‘धूप छाँव’साठी पारुल घोष, सुप्रभा सरकार आणि हरिमती पडद्यामागून गायल्या. त्यानंतरचा दीड दशकाचा काळ अनेक बायकांच्या गळ्यावर उभा आहे. विजापूरकडच्या बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी ‘किस्मत’मध्ये (१९४३) ‘धीरे धीरे आ रे बादल’ म्हणतात, तेव्हा आजही ऐकणारा हातातले काम थांबवतो. ‘रतन’मधल्या (१९४४) जोहराबाई अंबालेवालींचा भरदार आवाज तर माइकच्याही आधीच्या मैफलीतून आल्यासारखा वाटतो. ‘नदिया के पार’मध्ये (१९४८) रफींसोबत गायलेल्या ललिता देऊळकर म्हणजे आपल्या ललिताबाई फडके, सुधीर फडके यांच्या पत्नी, हे किती मराठी घरांत ठाऊक असेल?

यांची नावे मागे पडण्याचे एक कारण रेकॉर्डच्या लेबलवरच सापडते. त्या काळी तिथे गायिकेचे नाव असेलच असे नव्हते. कधी पडद्यावरच्या पात्राचेच नाव छापत. ‘महल’मधल्या (१९४९) ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर ‘कामिनी’ होते. ती गायिका लता मंगेशकर होती, म्हणून नाव पुढे आले. त्याच चित्रपटात राजकुमारीबाईही गायल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी विचारणारे आज फार थोडे उरलेत.

म्हणून आम्हाला लेबल हवे आहे. रेकॉर्ड तडकली असेल, दोन तुकडे झाले असतील, तरी चालेल. लेबलवरचे नाव आणि क्रमांक वाचता आले, की एक गाणे त्याच्या खऱ्या गायिकेच्या नावावर लावता येते. पूर्वी चित्रपटगृहांत विकत मिळणारी गाण्यांची चोपडीही जपून ठेवली असेल तर ती आम्हाला फार मोलाची आहे. तिच्यात बरेचदा उर्दू मजकूरही असतो, म्हणून उर्दू वाचणारी एखादी व्यक्ती आठवड्यातून तासभर वेळ देईल का?

एक कळकळीची विनंती. रेकॉर्ड स्पिरिटने पुसू नका. लाख त्यात विरघळते आणि खाचेतला आवाज कायमचा जातो. कोरड्या मऊ कापडाने धूळ झटका, आणि रेकॉर्डी एकीवर एक न रचता उभ्या ठेवा. जुन्या ग्रामोफोनवर ‘एकदाच’ म्हणून लावूनही पाहू नका. त्याची पोलादी सुई आणि ती धरणारा जड दांडा खाच झिजवतात.

पैशांचीही गरज आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या लाखेच्या रेकॉर्डची खाच रुंद असते, नंतरच्या प्लास्टिकच्या एलपी रेकॉर्डची सुई तिथे चालत नाही. वेगळी सुई घ्यायची आहे. उभे कप्पे असलेले लोखंडी कपाट करायचे आहे, आणि गाणी संगणकावर उतरवून घ्यायची आहेत. शंभर रुपयेही आनंदाने घेऊ, पावती देऊ.

रेकॉर्ड कायमची द्यायला मन होत नसेल, तर आम्ही गाणे उतरवून, लेबलचा फोटो घेऊन ती परत करू. आणून देणे जमत नसेल तर वाचनालयात निरोप ठेवा, आमचे कार्यकर्ते घरी येऊन नेतील.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ